नववा सूर

काझेउरा स्टेशनच्या बाहेर पडलं की उजव्या हाताला एक लांबरुंद फलक आहे. वर ठळक अक्षरांत ‘आपल्या गावाला जीव लावणारी थोर माणसं’, आणि खाली चौदा चेहरे. पांढरे हातमोजे घातलेली सिनेमातली नायिका, साबणाच्या कारखान्याचे मालक, एकाच पाइनच्या झाडाची चाळीस चित्रं काढणारा चित्रकार, मिशाळ आरमारप्रमुख, खुनांच्या कादंबऱ्या लिहिणारे अगदी गरीब चेहऱ्याचे एक गृहस्थ. प्रत्येकाच्या नावाखाली जन्माचं साल, मग आडवी रेघ, मग मृत्यूचं साल.

तेरा जणांचं असं. चौदाव्याच्या खाली मात्र ‘तोगाशी रेइजी, संगीतकार, १९३३ –’ एवढंच. रेघ आहे आणि रेघेच्या पुढे बोटभर कोरी जागा.

कोझुए वाकुई रोज शाळेतून येताना ती कोरी जागा बघायची आणि दर वेळी तिला राग यायचा. म्हणजे बघा ना! माणूस वर टेकडीवर चांगला जिवंत आहे, सकाळी उठून टोस्टला लोणी लावतोय, आणि खाली स्टेशनवर त्याच्यासाठी जागा धरून ठेवलीय, बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी!

गावाला याचं काही वाटत नसे. थोर माणसं टेकडीवरच्या बंगल्यांत राहायची, आणि बंदराकडची माणसं त्यांना मासे, दूध, इस्त्रीचे कपडे पोचवायची, हे इतकं जुनं होतं की बंदरावरच्या प्रत्येक दुकानाचा एकेक थोर माणूस ठरूनच गेला होता. मासळीवाल्या हानेदाकाकू सांगायच्या, “आरमारप्रमुख? अहो, त्यांना बांगड्यातला काटा काढता यायचा नाही. माझ्या सासूबाई काढून द्यायच्या.” इस्त्रीवाला कादंबरीकारावर अजून संशय घ्यायचा: “वीस वर्षं शर्ट धुतले, बाहीवर कधी शाईचा ठिपका नाही. हा माणूस लिहायचा कधी?” बेकरीतल्या तिसऱ्या टेबलाशी नायिका एकदा रडली होती म्हणे, म्हणून ते टेबल लंगडत असूनही कुणी बदलत नव्हतं.

वाकुईंच्या घराचा थोर माणूस म्हणजे तोगाशी सर. आणि त्यामागचं कारण रोज संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गावाला ऐकू येई.

गावभर खांबांवर भोंगे आहेत. भूकंप झाला, समुद्र चढला, तर इशारा द्यायला. ते चालू आहेत ना हे कळावं म्हणून पाचला त्यांतून एक धून वाजते. बारा सुरांची, चार-चार सुरांच्या तीन ओळी, बस्स. पोरांनी खेळ आटपून घरी जायची ती वेळ. धून संपली की किनाऱ्यावरची पोरं तिसरी ओळ आरोळी ठोकून परत गातात, “चऽला घऽरी!” आणि हानेदाकाकूंचा गोंता, दिसायला वाघ पण मांजराला भिणारा कुत्रा, बरोब्बर नवव्या सुराला गळा काढतो. आठव्याला नाही, दहाव्याला नाही. नवव्यालाच.

ही धून रचली तोगाशी सरांनी, आणि सेहेचाळीस वर्षांपूर्वी ती वाजवून टेपवर घेतली कोझुएच्या आजोबांनी. तात्सुझो वाकुई तेव्हा गावच्या कचेरीत कारकून होते. “सोळा हजारांच्या वर प्रयोग झालेत माझे,” आजोबा जेवताना सांगायचे. “एक दिवस खाडा नाही. दाखवा असा दुसरा कलाकार.”

तर त्या सप्टेंबरात कचेरीचे नेझूकाका शाळेत आले. नेझूकाका आपत्ती विभागात होते आणि चेहराही नेहमी तसाच ठेवायचे. ते म्हणाले, भोंगे नवे बसवतोय, जुनी टेप झिजून खरखरायला लागली आहे, तेव्हा शाळेच्या बँडपैकी कुणीतरी—

“मी!” कोझुएचा हात वर गेला तेव्हा काकांचं वाक्य अर्धंच झालं होतं.

गेल्या वर्षीची कोझुए असती तर ती बाकाखाली पेन शोधत बसली असती. गेल्या वर्षीची कोझुए दुकानाचं दार आपोआप उघडलं तरी त्या दाराला ‘माफ करा’ म्हणायची. पण एप्रिलमध्ये तिच्या पुढच्या वर्गातली मुलगी ओसाकाला गेली, ढोल-झांजांच्या गटाचं प्रमुखपद कोझुएच्या गळ्यात पडलं आणि तिला एक भलताच शोध लागला: आपण मोठ्याने बोललो की लोक खरंच ऐकतात! तेव्हापासून ती सगळंच मोठ्याने बोलत होती. बँडमध्ये ती ग्लोकेन वाजवायची. धातूच्या पट्ट्या, दोन हातांत दोन काठ्या, आणि आवाज असा की काचेच्या भांड्यात पावसाचे थेंब मोजून टाकावेत. आजोबांनीही धून त्यावरच वाजवली होती.

“एकदा वर जाऊन तोगाशी सरांना नमस्कार करून ये,” नेझूकाका म्हणाले. “रीत आहे.”

घरी हे सांगितलं तर आजोबांचा चेहरा पडला.

“वर कशाला जायचं? म्हाताऱ्या माणसाला त्रास. मी देतो ना सूर लिहून.” आणि त्यांनी कॅलेंडरचं पान फाडून मागे बारा सूर लिहूनही दिले. कोझुएने पान घेतलं. तिला एक गोष्ट मात्र आठवली. तोगाशी सर कधी काठी टेकत खाली टपालकचेरीत आले की आजोबा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि तिकडून लांबूनच वाकायचे. तिला इतके दिवस वाटायचं, हा आदर.

ती वर गेलीच. ग्लोकेनची पेटी पाठीवर बांधून, चढावर तीनदा थांबून, वाटेत हातातला भाताचा गोळा पळवणाऱ्या घारीला चार शब्द सुनावून. उन्हाळी हंगाम संपला होता. बंगल्यांच्या खिडक्या लाकडी फळ्यांनी बंद झाल्या होत्या. फक्त शेवटच्या बंगल्यात रेडिओ बोलत होता.

दार सरांनीच उघडलं. डोक्यावर लोकरीची टोपी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, आणि कान, कान तर फलकावरच्या चित्रापेक्षा दुप्पट मोठे.

“काय, रंगारी पाठवलाय का?” ते म्हणाले. “त्यांना सांग, अजून वेळ आहे. रंग वाळेल डब्यात.”

“मी रंगारी नाही, वाकुई कोझुए. पाचची धून नव्याने वाजवणार आहे. आणि ती कोरी जागा मलासुद्धा मुळीच आवडत नाही!”

सर तिच्याकडे बघत राहिले. मग बाजूला झाले. “बूट तिथे काढ. आणि ते ओझं गच्चीत मांड.”

गच्चीतून समुद्र सगळाच्या सगळा दिसत होता. सर वेताच्या खुर्चीत बसले, हातात गार चहाचा पेला. “वाजव.”

तिने वाजवलं. नवव्या सुराला पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

“परत.”

तिने परत वाजवलं.

“परत.”

तिसऱ्यांदा वाजवून झाल्यावर सर म्हणाले, “कान चांगला आहे तुझा. हात तर फारच चांगला. तू अगदी बिनचूक चूक वाजवतेस.”

कोझुएला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. सर आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. त्यात पिवळा पडलेला कागद होता. बारा सूर, शाईने. नवव्याच्या आधी एक कुंपणासारखी खूण. म्हणजे अर्धी पायरी वर. ग्लोकेनवर ती पट्टी वरच्या रांगेत असते. आजोबांच्या कागदावर नववा सूर खालच्या रांगेतला होता. आणि त्या खुणेभोवती कुणीतरी पेन्सिलने गोल करून बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘इतकी काही मी ओरडत नाही!’

“सावाकोचं अक्षर,” सर म्हणाले. “माझी बायको. लोकांना वाटतं मला हे गाव आवडलं म्हणून मी आलो. फलकावरही तसंच लिहून ठेवलंय, मला न विचारता. तिच्या छातीला समुद्राची हवा मानवायची म्हणून आलो. मी दिवसभर खाली किनाऱ्यावर भटकायचो, आणि पाच वाजले की ती या गच्चीतून हाक मारायची. रे-इ-जी-सान. एकदा. मग पुन्हा. आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज चढायचा. कारण भात निवायला लागलेला असायचा.”

“म्हणजे धून...”

“तीन हाका आहेत फक्त. कचेरीने मागितली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. कागदाची नक्कल दिली आणि तिला घेऊन मी व्हिएन्नाला गेलो, तिथे एक डॉक्टर होता म्हणून. पुढच्या वसंतात एकटा परत आलो.” सरांनी टोपी सारखी केली. “स्टेशनवर उतरलो आणि पाच वाजले. पहिली हाक आली. दुसरी आली. तिसरी चढलीच नाही. पहिल्यासारखीच सपाट. मुली, सेहेचाळीस वर्षं कोणी तरी दुसरीच बाई मला हाक मारतेय. सभ्य बाई आहे, कधी चिडत नाही. पण ती माझी नाही.”

कोझुएच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी तिच्यातली नवी कोझुएही जागी झाली. “मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?”

“आधी अंगात बळ नव्हतं. बळ आलं तोवर पोरं ती गायला लागली होती. मग कुत्रा.”

“मी आत्ता वाजवते! बरोबर! ऐका!” तिने काठ्या उचलल्यासुद्धा.

“नको!” सरांचा आवाज एकदम करडा झाला. मग हळू म्हणाले, “इथे नको. इतक्या जवळून नको. ती हाक लांबून यायची, वाऱ्यातून. भोंग्यातून येऊ दे. मला ती एकदा नीट चिडलेली ऐकायचीय. स्टेशनवरची ती जागा भरायच्या आत. एवढं जमव.”

जमवते, कोझुए म्हणाली. चढ उतरताना पेटीचं ओझं तिला जाणवलंच नाही.

रात्रीच्या जेवणाला आजोबांनी विचारलं, “झाला नमस्कार?”

“झाला. आजोबा, नववा सूर चुकीचा आहे.”

आजोबांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. मुळ्याचं लोणचं पुन्हा वाटीत पडलं. ते त्यांनी पुन्हा उचललं नाही. मग म्हणाले, “वरची रांगच नव्हती ग त्याला.”

“कशाला?”

“त्या वाद्याला. शाळेच्या बँडचं घेणार होतो, पण बँड गेला होता योकोहामाला स्पर्धेला. भोंग्यांचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी. मग बालवाडीतून आणलं. पोरांचं खेळणं ते, एकच रांग. म्हटलं, अर्धी पायरी इकडे-तिकडे, भोंग्यातून कुणाला कळतंय? खालची पट्टी वाजवली.” आजोबांनी काड्या ठेवून दिल्या. “आणि सर परत आले त्या दिवशी मी होतो स्टेशनवर. त्यांच्या हातात बाईंच्या अस्थींची पेटी, पांढऱ्या कापडात बांधलेली. पाच वाजले. नवव्या सुराला ते थांबले आणि मान वर करून भोंग्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. लोकांना वाटलं, किती छान, स्वतःची धून ऐकतायत. मला कळलं काय ते.”

म्हणून रस्ता ओलांडायचा. आदर कसला नि काय.

“मी आता बरोबर वाजवू ना?” कोझुएने विचारलं. “पण मग सगळ्यांना कळेल, तुमच्या सोळा हजार प्रयोगांचं...”

“वाजव,” आजोबा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

कोझुएने ही गोष्ट फक्त एका मैत्रिणीला सांगितली. त्या मैत्रिणीची आई बेकरीत कामाला होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मासळीच्या दुकानासमोर अर्धं बंदर गोळा झालं होतं.

“चुकीचं? सेहेचाळीस वर्षं सगळं गाव ऐकतंय ते चुकीचं?” हानेदाकाकू हातात सुरी घेऊनच बोलत होत्या. “माझी तिन्ही पोरं त्या सुरावर घरी आली. ती काय चुकीच्या घरी आली?”

“ज्याने रचलं त्याला विचारायला नको?” इस्त्रीवाला म्हणाला.

“त्यांनी रचून कागद दिला. ऐकलं कुणी? आम्ही! टेकडीवरच्यांनी वर्षातले दोन महिने ऐकलं असेल.”

“तोगाशी सर बारा महिने इथे असतात, काकू,” कोझुए म्हणाली.

“अग, मी सरांबद्दल कुठे बोलतेय! चांगला माणूस आहे तो. बांगड्याचा काटा स्वतः काढतो.”

नेझूकाका घाम पुसत आले. “ठरावात ‘प्रचलित धून’ असा शब्द आहे,” ते म्हणाले. “प्रचलित म्हणजे जी चालते ती. बदलायची तर अर्ज लागेल, मग समिती, मग—”

“मुळात वाजवली कुणी ती चुकीची?” मागून कुणीतरी विचारलं.

रांगेत आजोबा उभे होते, हातात जाळीची पिशवी. कोझुएने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तिला पहिल्यांदाच वाटलं की आपण पूर्वीसारख्या गप्प असतो तर बरं झालं असतं.

“मी,” आजोबा म्हणाले. “मीच वाजवली. बालवाडीच्या खेळण्यावर.”

बर्फातून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज. मग हानेदाकाकू म्हणाल्या, “तरीच गोंता रडतो!” आणि सगळे इतके हसले की गोंता टेबलाखाली जाऊन बसला. आजोबाही हसले, कानांच्या पाळ्या लाल करून.

शेवटी ठरलं ते असं: कोझुएने दोन्ही प्रकारे वाजवून द्यायचं. गुरुवारी नव्या भोंग्यांची चाचणी आहे, त्या दिवशी सरांची धून लावायची. मग गाव आणि सर मिळून काय ते बघतील. अर्जाचं नंतर.

कचेरीच्या सभागृहात खिडक्या बंद करून कोझुएने दोन्ही वाजवल्या. आधी आजोबांची, मग सावाकोबाईंची. दुसरी वाजवताना नवव्या सुराला काठी वरच्या रांगेत न्यायची होती. फक्त चार बोटं वर. पण हात इतका सवयीचा झाला होता की दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा जमलं. नेझूकाका म्हणाले, “अरे बापरे,” आणि त्यांनी घाम पुसला.

गुरुवारी साडेचारला आजोबांनी लग्न-कार्याचा काळा कोट घातला, सहा सुकवलेले बांगडे कागदात बांधले आणि कोझुएला म्हणाले, “चल.”

सरांच्या दारात आजोबा गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकले. उठेचनात.

“वाकुई,” सर म्हणाले, “तुम्ही सेहेचाळीस वर्षं मला बघून रस्ता ओलांडताय. एखाद्या ट्रकखाली आला असतात तर? लोक म्हणाले असते, संगीतकाराने एका सुरासाठी कारकुनाचा जीव घेतला. उठा आता. आणि हे बांगडे? हे पाठवायला इतकी वर्षं लागली होय?”

“दरवर्षी सुकवत होतो,” आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले. “दरवर्षी आम्हीच खाल्ले.”

सर खो खो हसले. कोझुएने त्यांना तोवर हसताना बघितलंच नव्हतं. पुढचे चार-दोन दात नव्हते.

गच्चीत तिघं बसले. खाली पोरं वाळूत बेसबॉल खेळत होती. पाचला दोन मिनिटं असताना सरांनी टोपी काढली. कोझुएला वाटलं होतं आपण या क्षणी खूप काही बोलू. पण ती नुसती खालचे भोंगे मोजत बसली.

पाच वाजले.

पहिली ओळ आली, आधी बंदरावरून, मग स्टेशनकडून, मग टेकडीखालच्या भोंग्यातून, एकीमागे एक थोडी उशिरा, नेहमीसारखी. दुसरी ओळ आली. आणि मग नववा सूर चढला. अर्धी पायरी. बस्स, चार बोटं. पण सगळ्या समुद्रावरून कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं राहिल्यासारखं झालं.

“आलो, आलो!” सर म्हणाले आणि उठले.

काठी न घेता उठले. ब्याण्णव वर्षांचा माणूस ताडकन उठला, वळला आणि घाईघाईने घरात गेला. कोझुए त्यांच्या मागे धावली, पडतील म्हणून. ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले होते. आत एक टेबल, एक खुर्ची, उपडा घातलेला एक वाडगा. सर चौकटीला धरून ते बघत होते. कोझुए मागेच उभी राहिली, दोन पावलं दूर.

बाहेर आज गोंता रडला नाही. किनाऱ्यावर जरा वेळ शांतता होती. मग पोरांनी ओळ परत गायली, “चऽला घऽरी,” आणि गायली ती जुन्याच सुरात. सपाट. त्यांना दुसरी येतच नव्हती.

सर गच्चीत परत आले, हळूहळू, भिंतीचा आधार घेत. बसले.

“चढला,” ते म्हणाले. “अगदी तस्साच. भात निवल्यावरचा.”

“मग?” कोझुएचा आवाज चिरकला. “मग रोज हाच लावायचा ना? मी नेझूकाकांना सांगते. अर्ज मी भरते!”

“नको.”

“का?”

सरांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “ती दुसरी बाई हाक मारायची ना, तेव्हा मला बसून राहता यायचं. म्हणायचो, बोलावतेय कुणाला तरी, आपल्याला नाही. पेला संपवायचो, अंधार पडायचा, संध्याकाळ निघून जायची. पण या हाकेला मला उठावं लागतं, कोझुए. तू बघितलंस. रोज उठायचं, आत जायचं आणि बघायचं...” त्यांनी मान हलवली. “मला वाटायचं माझं काहीतरी हरवलंय त्या नवव्या सुरात. वाकुई, तुमच्या बालवाडीच्या खेळण्याने मला बसू दिलं हो इतकी वर्षं.”

बांगड्यांच्या पुडक्याची दोरी सुटली नव्हती तरी आजोबांनी ती सोडून पुन्हा बांधली.

“पण टाकून देऊ नका,” सर म्हणाले. “तू छान वाजवलंयस. जपून ठेवा कचेरीत. स्टेशनवर रंगारी येईल ना, त्या दिवशी संध्याकाळी लावा. त्या दिवशी मी उठेन.”

कोझुए रडली. लपवून वगैरे नाही, चांगली मोठ्याने, नवं-जुनं सगळं विसरून. सरांनी तिला नाक पुसायला आपली टोपी दिली, मग लक्षात आल्यावर परत घेतली आणि रुमाल दिला. मग तिघांनी मिळून एक बांगडा भाजला. काटा सरांनी स्वतः काढला.

शुक्रवारी कचेरीत नेझूकाकांनी दोन पाकिटं पुढे ठेवली. “नावं घाल. नाहीतर माझ्यानंतर येणारा गोंधळ घालेल.” कोझुएने एकावर जाड पेनाने लिहिलं, ‘रोज’. दुसऱ्यावर काय लिहावं याचा तिने खूप विचार केला. मग लिहिलं, ‘तोगाशी सरांसाठी. एकदाच.’ काकांनी ते पाकीट खणात ठेवलं, खण लावला आणि चेहरा आणखी आपत्तिग्रस्त करून म्हणाले, “हा खण उघडायला मला घाई नाही.”

त्यालाही आता महिना झाला. आजोबा रस्ता ओलांडत नाहीत. उलट सर टपालकचेरीतून बाहेर यायच्या वेळी ते नेमके तिथे टपालाची तिकिटं बघत उभे असतात, आणि मग दोघं बाकावर बसून आरमारप्रमुखाच्या काट्याबद्दल हसतात. ती धून पुन्हा आजोबांचीच आहे म्हणून हानेदाकाकू खूश आहेत, आणि वाजवते कोझुए म्हणून कोझुएला बांगडे थोडे मोठे मिळतात.

फक्त एक झालंय. पाच वाजता कोझुए जिथे असेल तिथे थांबते. स्टेशनसमोर, चढावर, शाळेच्या जिन्यात, बोलता बोलता तोंड उघडं ठेवून. पहिली ओळ जाते. दुसरी जाते. आठवा सूर संपतो आणि नववा यायच्या आधी जी इवलीशी फट असते, तेवढ्यात तिचा श्वास अडकतो.

मग नववा येतो. अर्धी पायरी खाली, बालवाडीच्या खेळण्यावरचा. मासळीच्या दुकानासमोर गोंता मान वर करून गळा काढतो.

“बसलेत रे, बसलेत अजून,” ती त्याला सांगते आणि घराकडे पळत सुटते.